काचेवरची चकती

परीक्षा अगदी तोंडावर आली असताना मॅलकीने मदत करायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. स्लायगो शहराच्या ड्रायव्हिंग परीक्षा केंद्राच्या आवारात त्याची गाडी उभी होती. त्याची बायको डिंप्ना स्टिअरिंग घट्ट धरून देवाचं नाव घेत होती. मागे बसलेल्या मॅलकीला पुढची काच मळकट वाटली. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला ती मळकट दिसली, याचं एरवी कौतुकच झालं असतं. पुढे वाकून त्याने काच पुसली, आणि खालचा डागही जावा म्हणून गाडीचा टॅक्स भरल्याची कागदी चकती ज्यात होती ते प्लास्टिकचं पाकीट उपटलं. पाकीट हातात राहिलं. चकती मात्र निसटली आणि काचेच्या तळाशी गरम हवेची जी फट असते, तिच्यात अलगद उतरली.

"गेली," डिंप्ना म्हणाली.

"कोण गं?" शेजारी विणत बसलेल्या अ‍ॅट्रॅक्टाने आशेने विचारलं.

अ‍ॅट्रॅक्टा ही मॅलकीची थोरली बहीण. डॉक्टरांनी मॅलकीचं गाडी चालवणं कायमचं बंद केल्यापासून नवराबायको तिच्या हवाली झाली होती. दूध आणायचं तर अ‍ॅट्रॅक्टा, चर्चला जायचं तर अ‍ॅट्रॅक्टा. ती रस्त्याच्या मधोमध गाडी चालवायची आणि वाटभर कोण गेलं, कोण जायच्या बेतात आहे, ते सांगायची. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला लागतो, म्हणून आजही तीच आली होती. यातून सुटायचा एकच मार्ग होता, आणि त्यात डिंप्ना आधीच दोनदा नापास झाली होती.

टॅक्स भरलेला होता, पण तेवढ्याने भागत नव्हतं. चकती काचेच्या डाव्या बाजूला, बाहेरून वाचता येईल अशी लावलेली नसेल तर परीक्षक गाडीत पायच ठेवत नाही. परीक्षा रद्द, आणि पुन्हा कित्येक महिने वाट बघायची. म्हणजे कित्येक महिने अ‍ॅट्रॅक्टा.

अ‍ॅट्रॅक्टाने फटीत विणायची सुई घातली. चकती आणखी आत गेली. मग मॅलकीच्या सांगण्यावरून डिंप्नाने पंखा पूर्ण जोरात सोडला. धूळ, वाळकी पानं आणि पुतणीच्या लग्नातले रंगीत कागदाचे कपटे उडून तिच्या ठेवणीतल्या निळ्या कोटावर बसले. चकती काही आली नाही.

"रिव्हर्समध्ये जोरात ने आणि कचकन ब्रेक मार," मॅलकी म्हणाला. "येईल बाहेर."

"रिव्हर्समध्येच नापास झाले होते ना रे मी."

"मग सराव होईल."

पंखा चालूच ठेवून डिंप्ना डोळे विस्फारून मागे गेली आणि ब्रेकवर उभी राहिली. काही नाही. दुसऱ्यांदा मात्र चकती सुर्रकन वर आली आणि अ‍ॅट्रॅक्टाच्या लोकरीत पडली. आता पाकीट काचेला चिकटेना. मॅलकीने आपल्या डोळ्यावरच्या पट्टीची एक चिकटपट्टी सोलली आणि चकती लावून टाकली.

मान वर केली तर परीक्षक दाराशी उभा. त्याने चकती वाचली, चिकटपट्टी पाहिली, मागचा अर्ध्या पट्टीचा मॅलकी पाहिला.

"मघाशी आवारात मागेपुढे करत होतात ते तुम्हीच ना?"

डिंप्नाने होकार दिला. तिला रडूच यायचं बाकी होतं. पण त्याने दोघा भावंडांना खाली उतरवलं आणि स्वतः आत बसला.

परीक्षाभर डिंप्नाचा जीव त्या चिकटपट्टीत अडकला होता. प्रत्येक खड्ड्याला ती चकतीकडे बघे. परीक्षेची भीती वाटायला तिला सवडच मिळाली नाही.

"पास," परत आल्यावर परीक्षक म्हणाला. "रिव्हर्स तर उत्तम. तेवढी चिकटपट्टी बदला."

डिंप्ना गाडीतून उतरली ती मॅलकीच्या गळ्यातच पडली. सुटलो, एवढंच ती त्याच्या कानात म्हणाली. अ‍ॅट्रॅक्टाचेही डोळे भरून आले होते. तिने डिंप्नाचे दोन्ही हात धरले.

"किती वाट बघितली गं मी या दिवसाची," ती म्हणाली. "माझ्या गाडीचा टॅक्स या महिन्यात संपतोय. आता नाही भरत. उद्या चर्चला जाताना मला घ्यायला ये, आणि जरा लवकरच ये. वाटेत तुला खूप काही सांगायचंय."