जांभळांचा अंदाज आणि त्र्यंबक करकोचा

मुलांनो, एका जंगलात सगळ्यांचं पोट जांभळांवर चालायचं. हरणं जांभळांवर जगायची आणि वाघमहाराज हरणांवर. म्हणून पीक किती येईल ते आधीच सांगायला दरबारात एक विद्वान ठेवला होता. त्याचं नाव त्र्यंबक करकोचा.

एका वर्षी त्र्यंबक तळ्याकाठी डोळे मिटून म्हणाला, "यंदा टंचाई!"

झालं! माकडांनी कच्चीच जांभळं ओरबाडली. खारींनी ढोल्या भरल्या. अस्वल तर झाडावरच राहायला गेलं. आठवड्यात टंचाई हजर.

"काय अचूक अंदाज!" म्हणत महाराजांनी त्र्यंबकला शाल-श्रीफळ दिलं.

त्र्यंबकला मात्र शाल टोचू लागली. झाडं तर लगडलेली होती! टंचाई आली होती ती त्याच्याच चोचीतून.

पुढच्या वर्षी तो झाडाझाडावर फिरला. मधमाश्यांना बहर विचारला. आपले जुने अंदाज कुठे फसले तेही आठवून पाहिलं. मग दरबारात म्हणाला, "बहर छान आहे. वादळ आलं नाही तर जांभळं पुरून उरतील. आलं तर निम्मी जातील. आणि घाबरून कच्ची तोडलीत, तर काहीच उरणार नाही."

"नक्की काय ते सांगा!" महाराज गुरगुरले.

"नक्की माहीत नाही, महाराज."

दरबार गार पडला. विद्वान असून माहीत नाही?

तेवढ्यात रंगराव सरडा पुढे आला. "महाराज, एक लाख पावणेदोन जांभळं येतील."

"पावणेदोन?"

"तेच तर शास्त्र!"

टाळ्या कडाडल्या. त्र्यंबकची जागा रंगरावला मिळाली.

वैशाखात वादळ आलं. निम्मी जांभळं चिखलात गेली.

रंगराव लाल होत म्हणाला, "अंदाज बरोबरच होता, महाराज. जंगल चुकलं!"

जंगलाला सक्त ताकीद देण्यात आली. रंगरावला बढती मिळाली.

त्र्यंबक तळ्यावर मजेत मासे खात होता. एके दुपारी झुडपातून चक्क महाराज आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "त्र्यंबकराव, पुढच्या वर्षाचं काय हो?"

"आत्ता माहीत नाही. बहर बघून सांगतो."

महाराजांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "सांगा हं. फक्त दरबारात नको. तिथे आम्हाला सगळं माहीत असतं."

तात्पर्य: बाळांनो, 'माहीत नाही' असं म्हणणाऱ्याचा सल्ला जरूर घ्यावा, पण शाल नेहमी पावणेदोनवाल्यालाच द्यावी.