लिंबाला गोधडी

सव्वा वर्षाचं पोर सांभाळणाऱ्या बाईला एक खोड सांभाळायला काय लागतं! असं मी घरात जाहीर करून टाकलं.

खोड लिंबाचं. लेक जन्मली त्याच आठवड्यात लावलेलं. माळीकाकांच्या गवत कापायच्या यंत्राने मागच्या खेपेला त्याची बोटभर साल सोलली होती. "अजून एकदा लागलं तर झाड गेलंच समजा, ताई. खाली काहीतरी गुंडाळा," असं तेच वर मला सांगून गेले!

मी गुंडाळलं. कपाटातली एक विटकी गोधडी घेतली, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पाच वेढे दिले, वर सुतळीच्या अकरा गाठी. लिंबू अगदी थंडी वाजून आल्यासारखं दिसायला लागलं.

दुपारी लेकीची झोपायची वेळ झाली आणि घरात आकांत! ती विटकी गोधडी म्हणजे बाईसाहेबांची झोपेची गोधडी होती. दोन दिवसांपूर्वी धुऊन मीच कपाटात ठेवलेली, आणि मीच विसरलेली! रडत रडत ती बागेत गेली, झाडापाशी बसली, गोधडीला गाल लावला आणि झोपली. दोन दिवसांतली पहिली धड झोप!

"अगं, आत आण तिला," खिडकीतून सासूबाई.

"गोधडी सोडत नाहीये!"

"मग गोधडीच सोड की!"

"अकरा गाठी आहेत, आई!"

"कोणी सांगितल्या होत्या?"

एवढ्यात फाटकातून माळीकाका, खांद्यावर यंत्र. मी दोन्ही हात हलवून 'नको, नको' केलं. त्यांना वाटलं, या, या! घर्रर्र! मी लेकीला आणि लिंबाला एकदमच मिठी मारून डोळे मिटले.

काका शहाणे. आमच्यापासून चार हात लांबच राहिले. आणि लेक? गाढ! घरात चमचा पडला तरी दचकणारी माझी लेक त्या घरघरीत ढाराढूर! यंत्र थांबलं मात्र, तिने ओठ काढला.

"काका, चालू करा! चालू करा!"

"गवत संपलं, ताई."

"असू दे! मी सांगेपर्यंत थांबवू नका!"

संध्याकाळी नवरा आला. बागेचं पार तुळतुळीत टक्कल झालेलं. एकटं लिंबू तेवढं धडधाकट उभं.

"काका, हे काय? थांबायचं नाही का?"

"थांबणार कसा, साहेब? ताई सांगेपर्यंत थांबायचं नव्हतं." काकांनी घाम पुसला. "आणि सांगायला ताई जाग्या कुठे होत्या?"