यमूताईचा नेम आणि लोणीफळाचा प्रसाद

एका जंगलात यमूताई नावाची एक भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे लहानसं हरीण, बरं का बाळांनो. या यमूताईनं एका चैत्रात एक नेम धरला होता. त्या नेमाची ही गोष्ट. तोंडातला घास संपवा आणि ऐका.

त्या जंगलात पूर्वी जो तो दाराशी पिकेल ते खायचा. करवंदांच्या दिवसांत करवंदं, उंबरांच्या दिवसांत उंबरं. मग एकदा वटवाघळांनी सात डोंगरांपलीकडून एक फळ आणलं. हिरवंगार, आतून लोण्यासारखं मऊ. नाव पडलं लोणीफळ. ते खाल्लं की पोट सुटत नाही आणि कांती उजळते, असं वटवाघळं सांगायची. आता वटवाघळांची कांती उजेडात पाहिली होती कुणी? पण सगळ्यांचा विश्वास बसला.

बघता बघता न्याहारीला लोणीफळ नसलं की पाहुणे नाक मुरडू लागले. वाघमहाराज तर शिकारीवरसुद्धा त्याचा लेप लावून घेत. मग उतारावरच्या करवंदीच्या जाळ्या तोडल्या आणि घरटी एक लोणीफळाचं झाड लावलं. झाड मोठं आधाशी. कितीही पाणी द्या, त्याची तहान भागायची नाही. म्हणून प्रत्येकानं ओढ्यापासून आपापल्या झाडापर्यंत पाट काढला.

पाट वाढले आणि ओढा आटला. लोणीफळं मात्र रसरशीत.

यमूताईचं बिऱ्हाड ओढ्याच्या खालच्या अंगाला होतं. घरात ती आणि तिचं पाडस, चिमी. आता पाणी उरलं होतं फक्त मगरीच्या डोहात. मगर फार अगत्याची. आलेल्या पाहुण्याला परत म्हणून जाऊ देत नसे.

"आई, मी डोहावर जाऊ? पटकन पिऊन येते," चिमी रोज विचारायची.

"नको गं राणी," यमूताई म्हणायची आणि देवाचं नाव घ्यायची.

पाडव्याला दरबार भरला. वाघमहाराज म्हणाले, "ओढ्याला पाणी यायचं तर आपण आपलं खाणं बदललं पाहिजे. आजपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत प्रत्येकानं एक पदार्थ सोडायचा. सुरुवात मी करतो. मी गवत सोडलं."

सभा गहिवरली. ओढ्यात नव्हतं तेवढं पाणी डोळ्यांत आलं.

मग हत्तीनं उंदीर सोडले. गिधाडानं ताजं अन्न सोडलं. शेजारच्या भागाअक्का अस्वलीण म्हणाल्या, "मी कारलं सोडलं बाई. जिवावर आलंय, पण सोडलं."

यमूताईची पाळी आली. तिचा जीव कशात असेल तर लोणीफळात. सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं, आणि मधल्या वेळात त्याची आठवण. पण तिच्या सासूबाईंनी तिला शिकवलं होतं, जीव अडकतो तेच सोडावं, नाहीतर तो नेम नव्हे, देवाशी लबाडी.

"मी लोणीफळ सोडते," यमूताई हळूच म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं यमे," भागाअक्का म्हणाल्या, "आवडतं ते कुणी सोडतं का? नेम आहे हा, शिक्षा नव्हे."

प्रधान साळोजी साळिंदर काटे फुलवून म्हणाले, "आणि लोणीफळाचा ओढ्याशी काय संबंध? विषय भरकटवू नका, वहिनी."

"संबंध मला कळत नाही, भाऊजी. मला ते फार आवडतं, एवढं कळतं."

घरी येऊन तिनं विचार केला. फळ खायचं नाही, तर झाडाला पाणी कशाला? तिनं आपल्या पाटाचं तोंड मातीनं लिंपून टाकलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वाळूत एक बारीक धार दिसली. चिमीनं नाक टेकवलं, तेवढ्यात ती संपली. रोज एवढीच धार यायची. पुढे ऊन वाढलं तशी तीही वाळूतच जिरायला लागली. एका घराच्या पाटानं ओढा थोडाच वाहतो? चिमीचे डोळे पुन्हा डोहाकडे वळू लागले.

अक्षय्य तृतीया आली. नेमाचं उद्यापन ठरलं. कुणाचाही नेम मोडला नव्हता. महाराजांनी तर गवताकडे वाकडा डोळा करूनही पाहिलं नव्हतं. सगळ्यांना केळीच्या पानाची शाल मिळाली. मग महाराजांनी स्वतःच्या पंजानं प्रसाद वाटला. पळसाच्या द्रोणात एकेक पिकलेलं लोणीफळ.

यमूताई पेचात पडली. प्रसाद खावा, तर नेम मोडतो. नाकारावा, तर देवाचा अपमान होतो आणि राजाचाही. राजाला अपमान झाला की लगेच भूक लागायची. ती गेली, तर चिमीला डोहापासून अडवणार कोण?

तिनं द्रोण कपाळाला लावला. "महाराज, प्रसाद शिरोधार्य आहे. पण माझा नेम उद्या सूर्योदयाला सुटतो. आमच्यात खाता न येणारा प्रसाद वाहत्या पाण्यात सोडतात. तेवढी आज्ञा द्यावी."

तिच्या मनात काही कावा होता का? छे. ती मनापासून विचारत होती.

"अवश्य सोडा," महाराज म्हणाले. "साळोजी, यांना वाहतं पाणी दाखवा."

साळोजींनी वर पाहिलं. खाली पाहिलं. "वाहतं म्हणजे महाराज... डोह आहे."

"डोह वाहत नाही, भाऊजी," यमूताई म्हणाली.

"आणि मगर प्रसादाबरोबर पुजारीही घेते," भागाअक्का पुटपुटल्या.

प्रसाद खाली ठेवता येईना आणि हातात तरी धरायचा किती वेळ? सभेत चुळबुळ सुरू झाली. महाराज कुणाला भीत नसत, पण देवाला भीत.

"सगळे पाट बुजवा," ते म्हणाले. "हा प्रसाद सागराला मिळेपर्यंत एकही पाट उघडायचा नाही. देवाचं काम आहे."

ओढ्यासाठी कुणी बोटभर माती हलवली नव्हती. देवाचं काम म्हटल्यावर सगळे धावले. भागाअक्कांनी दोन्ही पंजांनी स्वतःचा पाट बुजवला. वरून आधी गढूळ पाणी आलं, मग नितळ, मग खळाळून आलं. यमूताईनं लोणीफळ सोडलं. ते डुलत डुलत निघून गेलं. चिमीनं मात्र फळाकडे पाहिलंच नाही. ती गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिली आणि पोटाचा नगारा होईपर्यंत प्यायली.

"प्रसाद सागराला मिळाला, हे कळणार कसं?" साळोजींनी विचारलं.

मग खात्री करून यायला कासवाला पाठवलं. ते अजून परत आलेलं नाही.

पाट बुजलेलेच आहेत. लोणीफळाची झाडं वाळली आणि उतारावर करवंदी पुन्हा फुटली. भागाअक्का ओंजळीनं करवंदं खातात आणि सांगतात, "मला तर मेलं ते लोणीफळ कधी सोसलंच नव्हतं."

तात्पर्य: नेम करायचा तर नावडत्या पदार्थाचा करावा. तो कधी मोडत नाही, जिभेला तोशीस पडत नाही आणि शाल हमखास मिळते. आवडतं सोडणाऱ्याच्या हाती काय लागतं? नुसतं पाणी. तरीही बाळांनो, माझं एक ऐका. आपल्या ताटातलं लांबून आलेलं, फार पाणी पिणारं आणि तुम्हाला फार आवडणारं असं एक काहीतरी निवडा, आणि यमूताईसारखं सोडून पाहा. जन्मभर नको, कासव परत येईपर्यंतच.