मल्लिनाथआण्णांचं उजेडाचं रबर

मल्लिनाथआण्णांच्या शेडमध्ये शिरायचं तर बाहेरून विचारावं लागे, "येऊ का?" आतून हुकूम सुटायचा, "डोळे मिटा, मग या!" आत निळसर दिवा फणफणत असे आणि वेल्डिंगचा काळा चष्मा लावलेले आण्णा त्यापुढं ध्यानस्थ.

आण्णा आमचे शेजारी. यंत्रमागांना लागणारे रबराचे वायसर, म्हणजे भोकाच्या चकत्या, गरम प्रेसमध्ये भाजून काढायचे, हा त्यांचा धंदा. सन पंच्याहत्तरच्या सुमाराला मुंबईच्या एका विक्रेत्यानं त्यांना सिलिकॉन रबराचा डबा दिला. हे म्हणे आचेशिवाय, नुसत्या अतिनील किरणांनी घट्ट होतं. आण्णांनी भंगारातून दवाखान्यातला तसल्या किरणांचा जुना दिवा पैदा केला आणि प्रेस बंद करून टाकला.

"आच लई झाली मास्तर, आता उजेड!" मलाच काय, भेटेल त्याला हेच. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडं गेली. रबर मात्र वरून घट्ट व्हायचं आणि आत लिबलिबीत राहायचं.

"वर रबर, खाली श्रीखंड," मी म्हटलं.

"श्रीखंड खाता तरी येतं की!" आण्णा गंभीरपणे म्हणाले.

त्यांची बायको गौराक्का. लग्नापासून प्रेसवर दोघं जोडीनं राबली. हा डबा यायच्या तीन वर्षं आधी तिचा उजवा हात तापल्या प्रेसमध्ये सापडला. बोटं वाकडीच राहिली. तेव्हापासून ती शेडच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. चहा बाहेर ठेवून परत जाई. आण्णा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

एकदा मी बसलो असताना चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "त्यात काळं काय घालताय?"

"काजळी. वायसर काळाच लागतो की."

"मग काळ्यातनं उजेड खाली कसा जाईल हो?"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. मी जमिनीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बिनकाजळीचा पातळ थर ओतला. दिवा लावला, विझवला. आण्णांनी काडी टोचून पाहिली. तळापर्यंत घट्ट! मला वाटलं, आता हे गल्ली डोक्यावर घेणार. पण ते गुपचूप ती पारदर्शक चकती घेऊन उंबऱ्याशी गेले आणि चहा ठेवायला आलेल्या गौराक्कापुढं धरली. तिनं हात झटकन मागं घेतला. मग हळूच बोट लावलं.

"भाजत न्हाय की!"

"न्हाय," आण्णा म्हणाले. "आता कदीच भाजणार न्हाय."

तिनं चकती हातात घेतली. मग आत आली. "माझं स्टूल कुटं हाय?"

आण्णांनी बंद प्रेसमागून स्टूल ओढलं. शेडभर बोट बोट काजळी साचली होती. त्या स्टुलावर कण नव्हता.