वरून पडलेल्या वस्तूचा मालक

वसंतरावांच्या अंगणात कुंपणापलीकडच्या झाडाचा आंबा पडला, तर ते तो खात नाहीत. उचलतात, लेंग्याला पुसतात आणि मालकाच्या दारी नेऊन देतात.

"वरून पडलं म्हणून मालक बदलत नाही," हे त्यांचं पालुपद. उपग्रहाचा तुकडा कुठल्याही देशात पडो, तो ज्याने सोडला त्याचाच. त्याने मागितला की परत करायचा. हा अंतराळाचा कायदा, आणि वसंतरावांचा जन्म त्यातच गेला. आभाळात शस्त्रं नेऊन ठेवू नयेत, म्हणून हा कर्जतजवळच्या आमच्या गावचा माणूस देशोदेशीच्या सभांत भांडत आला.

मला मोठेपणाचं फार अप्रूप नाही. शाल-श्रीफळ दिसलं की डुलकी लागते. पण एकदा त्यांच्या पडवीत बसून मी त्यांची एक बैठक संगणकावर पाहिली. दोन बलाढ्य देशांचे वकील एकमेकांवर खेकसत होते. वर कोट, खाली लेंगा अशा थाटात वसंतराव हळू आवाजात जेमतेम दोन वाक्यं बोलले. दोघेही खेकसणं सोडून लिहून घेऊ लागले. माझ्या अंगावर काटा आला.

गावाने सत्कार केला, तेव्हा जमिनीचा एक दलाल उठला. "काका, चंद्राचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

"कुणाच्याच नाही. होऊही शकत नाही."

मंडप हळहळला. गुंठ्यागुंठ्याला भाव आलेल्या कर्जत-खालापुरातल्या माणसाला एवढी मोकळी जागा रोज डोळ्यांसमोर दिसावी आणि तिला मालक नसावा!

"मंग कुंपन तरी घाला रं कुनीतरी," मागून आवाज आला.

आभाळाची भांडणं सोडवणाऱ्या या माणसाशी त्याचा सख्खा थोरला भाऊ मात्र शेताच्या बांधाच्या वादावरून कित्येक वर्षं बोलत नव्हता. ते आंब्याचं झाड या आत्मारामदादांचंच. वसंतराव आंबा घेऊन ओट्याशी उभे राहत. दादा वर न बघता म्हणत, "ठेव तितं."

"कशाला रोज हेलपाटे घालता?" मी एकदा विचारलं.

"कायदा आहे." मग लेंग्याला आंबा पुसत म्हणाले, "तेवढंच बोलतो तो."

मोसम संपला, झाड रिकामं झालं. वसंतराव काही दिवस नुसते वर बघत बसले. मग एका सकाळी पुन्हा ओट्याकडे निघाले, म्हणून मीही मागोमाग गेलो. त्यांच्या हातात आंब्याचं वाळकं पान होतं.

"दादा, तुझ्या झाडाचं. माझ्या अंगणात पडलं."

दादांनी पानाकडे पाहिलं. मग भावाकडे.

"येडा हायस का रं? पानं तर रोज पडतील."

"तू मागितलीस तर सगळी आणून द्यावी लागतील."

"मंग मागितली समज," दादा म्हणाले, आणि ओट्यावर जरा सरकून बसले.