साहेबांची नजर, हिंदुरावची मिशी

सात रस्ता चौकाजवळच्या कचेरीत नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी जीपचा ड्रायव्हर हिंदुराव याच्यापुढं थबकले. त्याची मिशी होतीच तशी, झुपकेदार, टोकाला पीळ दिलेली. गावाकडं, करकंबच्या भावकीत त्याला जो काही मान होता तो तिच्याच जिवावर.

"आय ॲम जेलस!" साहेब हसून म्हणाले.

"अण्णा, जेलस म्हंजे काय वो?" हिंदुरावनं हेडक्लार्क वीरभद्रप्पांना विचारलं.

"दुसऱ्याचं बघून पोटात दुखणं की!" अण्णांनी पानाचा तोबरा सांभाळत सांगितलं. साहेबलोक नुसत्या कौतुकापोटीही तसं म्हणतात, हे मात्र तोंड भरलेलं असल्यामुळं राहून गेलं.

घरी बजाबाईनं कपाळाला हात लावला. "अवं, लोकं मनातल्या मनात जळत्यात. ह्यो तर तोंडावर सांगतोय! दिष्ट काढाय पायजे. त्येच्या पायाखालची माती आना."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव साहेबांच्या टेबलाखाली शिरला.

"हे काय चाललंय?" साहेब दचकले.

"काय न्हाय साहेब, जरा पाय उचला."

साहेबांनी बिचाऱ्यांनी उचलले.

संध्याकाळी बजाबाईनं ती माती, मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या नवऱ्यावरून उतरून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबरी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोघं श्वास रोखून बसली.

"ठसका येईना की," म्हणत हिंदुराव हुंगायला वाकला. तेवढ्यात भडका उडाला.

"आला! आला वास!"

"मिरचीचा न्हाय," बजाबाई किंचाळली, "मिशीचा हाय!"

उजवी बाजू मुळासकट जळून गेली, ती काही परत उगवली नाही. डावी न्हाव्यानं उतरवली. करकंबला पुतण्याचं लग्न होतं, तिकडं हिंदुराव फिरकलाच नाही. लई वाईट वाटलं त्याला. कचेरीत अण्णांनी सगळी हकिगत साहेबांच्या कानावर घातली, तेव्हा साहेब पोट धरधरून हसले.

पण साहेबांनाही मिशी ठेवायची हुक्की आली. दोनेक महिन्यांत त्यांच्या ओठावर काळीभोर मिशी आली, वर हिंदुरावसारखाच पीळ. ती बघितली आणि हिंदुरावच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. आता अर्थ विचारायला अण्णांकडं जायची गरज नव्हती.

तो तडक साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, आय ॲम जेलस."

साहेबांचा हात आपसूक मिशीवर गेला. शिकलेला माणूस, दृष्टबिष्ट काही मानत नव्हता. पण समोर हिंदुरावचा सपाट ओठ दिसत होता. ते उठले, दार लावून घेतलं आणि त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"हिंदुराव," ते हळूच म्हणाले, "जरा पाय उचला."