चार मीटर पलीकडे

चष्मेवाल्याला चार मिनिटांच्या आत एक मैल धावायचा होता. नऊ वर्षं तो या एकाच गोष्टीच्या मागे होता. दुकानात गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत असायचं, तेव्हा हा काउंटरमागे टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम करायचा. आतापर्यंतची त्याची सर्वांत चांगली वेळ होती चार मिनिटं एक सेकंद. वय चौतीस. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बायकोलाही. ती फक्त बोलून दाखवत नव्हती.

अशात मोठ्या शर्यतीतल्या एका नामांकित धावपटूचा घोटा मुरगळला आणि ती जागा चष्मेवाल्याला मिळाली. त्याच्या मेव्हण्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. तो लगेच स्वयंसेवक झाला. धावपटूंनी अर्धा मैल जायचं, तिथल्या नारिंगी शंकूला वळसा घालायचा आणि परत यायचं. त्या शंकूची राखण मेव्हण्याकडे आली.

चष्मेवाला जिवाच्या आकांताने धावला. सातवा आला. घड्याळ म्हणालं, चार मिनिटं आणि आठ दशांश सेकंद. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता थांबला.

"चला घरी," बायको म्हणाली. "आंघोळीचं पाणी काढते."

पण पहिल्या आलेल्या धावपटूचा प्रशिक्षक तक्रार घेऊन उभा होता. सगळेच नेहमीपेक्षा एकेक सेकंद मागे कसे पडले? शर्यतीचं अंतर मोजणाऱ्या बाई पुढच्या चाकाला मोजयंत्र लावलेली सायकल घेऊन निघाल्या आणि परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"शंकू कुणी हलवला?"

"हलवला नाही हो, जरासा सरकवला," मेव्हणा म्हणाला. "पावाची गाडी अडकली होती. ड्रायव्हर इतका गरीब, हॉर्नसुद्धा वाजवेना. मीच म्हटलं, काढा."

"आणि परत जागेवर ठेवला नाहीत?"

"ठेवणारच होतो. तेवढ्यात दाजी दिसले. आता टाळ्या वाजवू का शंकू उचलू?"

शंकू चार मीटर पलीकडे गेला होता. जाताना चार, येताना चार, म्हणजे आठ मीटर जास्त. बाईंनी वहीत हिशेब मांडला आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "अंतर बरोबर असतं, तर तुमची वेळ चारच्या आत आली असती. पण आता कुणाचीच वेळ धरता येणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा शर्यत."

सगळे घरी निघाले. मेव्हणा दहा पावलं मागून चालत होता. बायकोला वाटलं, आता हे भडकणार. पण कोपऱ्यावर चष्मेवाला एकाएकी थांबला.

"म्हणजे मला जमतं," तो हळूच म्हणाला.

पुढच्या रविवारी शंकूजवळ स्वतः बाई खुर्ची टाकून बसल्या. मेव्हण्याला दोरीच्या बाहेर उभं केलं. चष्मेवाला या वेळी दातओठ न खाता, मोकळा धावला. तीन मिनिटं एकोणसाठ सेकंद आणि सहा दशांश! बायको पदरात तोंड लपवून रडली. प्रशिक्षकानेसुद्धा हात मिळवला.

सगळ्यांत शेवटी मेव्हणा आला. दाजींना त्याने घट्ट मिठी मारली, पाठ थोपटली आणि कानाशी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"छानच झालं, दाजी. पण खरं सांगू? मागच्या वेळी तुम्ही आठ मीटर जास्त धावला होतात."